परिस्थितिभान, वैमानिकाचे
विमानाची उंची, स्थान, वेग व कल आणि त्यांत होऊ घातलेले बदल यांविषयी वैमानिकाच्या मनात असलेले चित्र वस्तुस्थितीशी जुळणे, यास परिस्थितिभान म्हणतात. संकटकाळी माहितीचा तुटवडा असतोच असे नाही. पुष्कळदा ती एकाच वेळी अनेक बाजूंनी येते आणि तीपैकी कोणती प्रथम विचारात घ्यावी, हाच प्रश्न असतो. आधी विमान ताब्यात ठेवणे, नंतर मार्ग निश्चित करणे व त्यानंतर भूकेंद्राशी बोलणे, असा क्रम वैमानिकांना शिकविला जातो.

पुणे जिल्ह्यात शिरूरच्या वायव्येस असलेल्या जुन्नरच्या डोंगराळ भागात ७ जुलै १९६२ रोजी मध्यरात्रीच्या सुमारास आलितालिया कंपनीचे डीसी-८ विमान डोंगरावर आदळून त्यातील सर्व ९४ जण मृत्युमुखी पडले. बँकॉकहून येणारे आपले विमान मुंबईच्या बरेच जवळ पोहोचले, असा वैमानिकाचा समज झाला होता. त्यामुळे डोंगराळ प्रदेश ओलांडण्यापूर्वीच त्याने ते खाली आणले. विमान ताब्यात होते, चुकला होता तो स्थानाचा अंदाज.

मुंबईचा अपघात अधिक उद्‌बोधक आहे. १ जानेवारी १९७८ रोजी रात्री एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ विमान सांताक्रूझहून दुबईस निघाले. किनारा मागे पडताच पुढे काळोखा समुद्र होता. क्षितिज दिसण्याजोगे नव्हते. उजवीकडील साधे वळण घेऊन विमान सरळ झाले, परंतु कप्तानासमोरील कृत्रिम क्षितिजदर्शक ते उजवीकडे कललेलेच दाखवीत राहिला. तो कल काढण्यासाठी कप्तानाने सरळ असलेले विमान डावीकडे कलविले. सावकाश वाढणारा कल अंतर्कर्णातील संतुलनेंद्रियास जाणवत नाही, त्यामुळे शरीराकडूनही इशारा मिळाला नाही. सहवैमानिकाच्या व तिसऱ्या, राखीव दर्शकावरून खरी स्थिती कळण्यासारखी होती. बिघडलेल्या दर्शकावर विसंबू नये, असे उड्डाण अभियंत्याने सुचविल्याचे ध्वनिमुद्रणात आढळते. म्हणजे माहिती होती, ती सांगणाराही होता. तीन दर्शकांची तुलना करण्याइतकी उसंत मात्र उरली नव्हती. उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत विमान वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले व त्यातील सर्व २१३ जण मरण पावले.

पुढे १९७९ मध्ये अमेरिकेत नासाने भरविलेल्या परिसंवादापासून चमूच्या एकत्रित प्रशिक्षणास चालना मिळाली. कनिष्ठाने आपली शंका वेळीच व स्पष्ट शब्दांत बोलून दाखवावी आणि कप्तानाने ती दुसऱ्या उपकरणावर पडताळून पाहावी, हा त्या प्रशिक्षणाचा प्रमुख भाग होय.