कोळशाने हटवलेलं सोनं

विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ साली केलेल्या बॅटरीत एक अग्र जस्ताचं होतं आणि दुसरं प्लॅटिनमचं. बॅटरी जोरकस, पण प्लॅटिनम परवडेना. दोन वर्षांनी जर्मनीत रॉबर्ट बन्सेन यांनी कोक आणि दगडी कोळशाची पूड भाजून कार्बनचं अग्र घडवलं, ते प्लॅटिनमच्या जागी बसवलं आणि काम भागलं. सौरघटातल्या कार्बनच्या अग्राचं कूळ मी तिथूनच मोजतो, कारण दीडशे वर्षांनी हीच अदलाबदल पुन्हा झाली.

ब्रायन ओ'रीगन आणि मायकेल ग्रेट्झेल यांचा रंगद्रव्यावर चालणारा सौरघट १९९१चा, स्वित्झर्लंडमधल्या लोझानचा. अशा घटांत मागच्या काचेवर सहसा प्लॅटिनमचा थर असे. १९९६मध्ये आंद्रेआस काय आणि ग्रेट्झेल यांनी त्याऐवजी ग्राफाइट आणि काजळी वापरली. ग्राफाइट वीज वाहून नेतं. काजळीच्या बारीक कणांमुळे रासायनिक क्रियेला भरपूर पृष्ठभाग मिळतो. शाळेतल्या प्रयोगात तर काचेवर मऊ पेन्सिल घासली तरी घट चालतो.

पुढे पेरोव्स्काइट या प्रकाश शोषणाऱ्या स्फटिकाचे घट आले आणि प्लॅटिनमची जागा सोन्याने घेतली. हे सोनं निर्वात पेटीत वाफ करून चढवावं लागतं. शिवाय घट तापला की सोन्याचे अणू आतल्या थरांत शिरून घट बिघडवतात. वूहानमध्ये हान होंगवेई यांच्या गटाने सोनंच काढून टाकलं. लग्नपत्रिका छापतात त्याच स्क्रीन प्रिंटिंगने त्यांनी काचेवर टायटॅनियम डायऑक्साइड, झिर्कोनियम ऑक्साइड आणि सर्वांत वर कार्बन असे सच्छिद्र थर छापून भट्टीत भाजले. पेरोव्स्काइट आलं अगदी शेवटी. त्याच्या द्रावणाचा थेंब काळ्या थरावर ठेवला की तो छिद्रांतून झिरपत तळापर्यंत पोचतो आणि वाळताना तिथेच त्याचे स्फटिक होतात. मला या कुळकथेतलं सर्वांत मोठं वळण हेच वाटतं: आधी अग्र, मग प्रकाश शोषणारा पदार्थ. सोन्याच्या सलग पत्र्यातून असं झिरपवणं शक्यच नव्हतं. २०१४मध्ये या घटाने १२.८ टक्के कार्यक्षमता गाठली आणि पूर्ण उन्हाइतक्या प्रकाशात तो हजार तासांहून अधिक टिकला.

उणीव आहेच. कार्बनचा थर सोन्याच्या थराहून शंभरेक पट जाड देऊनही त्याचा रोध जास्त भरतो. म्हणून मोठ्या काचेवर अरुंद पट्ट्या काढून त्या एकसर जोडतात. २०१७मध्ये १० सेंटिमीटर लांबी-रुंदीचं असं पॅनल दहा हजार तासांहून अधिक काळ न घसरता चालल्याची नोंद झाली.