तोतया

तोतया ही पुण्याची जुनी ओळख आहे. पानिपतावर १७६१ मध्ये सदाशिवरावभाऊ पडले, आणि पुढे एक इसम ‘मीच भाऊ’ म्हणून उभा राहिला. त्याला मानणारे थोडेथोडके नव्हते. कोकणातले किल्लेही त्याच्या हाती आले. अखेर १७७६ मध्ये त्याला पुण्यात देहदंड झाला. तात्पर्य, नाव सांगणारा आणि नावाचा धनी हे दोघे एकच असतील असं नाही.

बँकेत आमचा सारा कारभार याच तात्पर्यावर चालतो. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासायची. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे. एकमेकांवर अविश्वास ठेवून इतक्या गुण्यागोविंदाने नांदणारी माणसं तुम्हांला संसारातही सापडायची नाहीत.

मग आला सामाईक संगणक. यंत्र एक, वापरणारे अनेक. थोडक्यात, वाड्यातला नळ. अमेरिकेत एमआयटीमध्ये १९६१ साली असं यंत्र चालवून दाखवलं गेलं. पुढे ज्याला त्याला पासवर्ड आणि वेळेचं रेशन मिळालं. १९६२ मध्ये अ‍ॅलन शेर या संशोधकाला आठवड्याचे चार तास पुरेनात. त्याने यंत्रालाच सगळ्यांचे पासवर्ड छापायला सांगितले, आणि यंत्राने ते निमूटपणे छापून दिले! नंतर दुसऱ्यांच्या नावावर याचं काम चालू. हिशेब चोख, माणूस भलताच.

असो. पुन्हा पुण्यात येऊ. ११ ऑगस्ट २०१८, दुसरा शनिवार, बँकांना सुट्टी. कॉसमॉस बँकेच्या एटीएम यंत्रणेत चोरांनी एक तोतया मध्यस्थ घुसवला होता. ‘पैसे देऊ का?’ अशी विचारणा आली की खात्यातली शिल्लक पाहून उत्तर द्यायचं, हा रिवाज. तोतया कुणालाही न विचारता म्हणे, ‘द्या!’ खऱ्या खतावणीला पत्ताच नाही. बनावट कार्डांवर २८ देशांतून पैसे निघाले. सोमवारी आणखी रक्कम हाँगकाँगला गेली. एकूण ९४ कोटींच्या वर. ग्राहकांच्या खात्यांना धक्का नाही असं बँकेने सांगितलं, तरी पेन्शनरांचा चहा त्या दिवसांत गोड लागला नसणार. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं.

पासवर्ड हवेत, नोंदीही हव्यात; पण नोंद ठेवणं सोपं, ती वेळेवर वाचणं कठीण. पूर्वी वाड्याच्या दारात एक आजी बसलेली असे. आलेल्या प्रत्येकाला ती विचारी, ‘कोण रे तू? कुणाकडे आलास?’ आणि उत्तर पटलं नाही तर सबंध वाडा गोळा करी. यंत्र कितीही नवं आणा, त्यात ही आजी बसवायला विसरू नका. आणि तिला दुसऱ्या शनिवारची सुट्टी देऊ नका!