चुलीपुढे बसणारीला विचारा



दिवेलागणीच्या सुमाराला एखाद्या गावाकडे लांबून पाहावं, तर घराघराच्या कौलांतून निळसर धूर वर चढताना दिसतो. लांबून तो फार छान दिसतो. पण त्याच घरात आपण पाहुणे म्हणून गेलो, की डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो आणि ‘आम्ही ओट्यावर बसतो, चहा झाला की हाक मारा’ असं म्हणून आपण निसटतो. निसटता येत नाही ते एकीलाच. ती चुलीपुढे बसलेली असते.

आज या चुलीची आणि तिच्या सुधारणेची हकीकत सांगायची आहे. लढाया, तह आणि राजे यांचा इतिहास आपण शाळेत शिकतो. चुलीचा इतिहास सहसा कोणी शिकवत नाही. पण गेल्या दीडशे वर्षांत मोठमोठ्या शहाण्या माणसांनी स्वयंपाकाची नवी साधनं काढण्यासाठी डोकं झिजवलं आहे. त्यांतली काही साधनं घराघरात गेली, काही माळ्यावर जाऊन पडली. असं का झालं, हे पाहण्यासारखं आहे.

पहिली गोष्ट मुंबईचीच आहे. सूर्याच्या उन्हावर शिजवता येतं, हे युरोपात आधीच ठाऊक झालं होतं. जिनिव्हाचे शास्त्रज्ञ ओरास द सोस्यूर यांनी १७६७ साली काचेच्या पेटीत उन्हाची धग कोंडून फळं शिजवली होती. पण आपल्याकडे हा प्रयोग नेटाने केला तो विल्यम ॲडम्स या मुंबईत सरकारी नोकरीत असलेल्या इंग्रज गृहस्थांनी. त्यांनी अष्टकोनी आकाराची, आतून आरसे बसवलेली एक मोठी कुंडी केली. मधोमध तांब्याचं भांडं आणि त्यावर काचेचं झाकण. आठ बाजूंच्या आरशांवर पडलेलं ऊन भांड्यावर एकवटायचं. मुंबईच्या जानेवारीत, म्हणजे ऐन थंडीत, सात शिपायांचा शिधा, मांस आणि भाजी, दोन तासांत शिजला. १८७८ साली त्यांनी या विषयावर मुंबईत पुस्तकही छापलं. उष्ण देशात लाकूड-कोळशाऐवजी ऊन वापरावं, असा त्यांचा आग्रह होता.

आता तुम्ही म्हणाल, ‘मग दीडशे वर्षांपूर्वीच आपली चूल सुटायला हवी होती की!’ खरं आहे. भर दुपारी निरभ्र आकाश असलं, तर एक चौरस मीटर जागेवर सुमारे एक किलोवॉट इतकी शक्ती सूर्य ओतत असतो. तीही फुकट. तरीही ॲडम्ससाहेबांची कुंडी मुंबईच्या एकाही चाळीत रुळली नाही. कारण तिची परीक्षा शिपायांच्या शिध्यावर झाली होती. घरच्या स्वयंपाकावर झाली नव्हती. या दोन गोष्टींत किती अंतर आहे, ते पुढच्या हकीकतीत कळेल.

देश स्वतंत्र झाला. नवी दिल्लीत राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा उभी राहिली. सर सी. व्ही. रामन यांच्या प्रकाशावरील संशोधनात त्यांचे सहकारी असलेले डॉ. के. एस. कृष्णन तिचे संचालक होते. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत या प्रयोगशाळेने सूर्यचूल तयार केली. चकचकीत ॲल्युमिनियमची, परातीसारखी खोलगट तबकडी आणि तिच्या केंद्राशी भांडं ठेवायची बैठक. एवढं साधं यंत्र. ते मुंबईच्या एका कारखान्यात बनूही लागलं. देशोदेशीच्या वर्तमानपत्रांनी कौतुक केलं. शेण जाळण्याऐवजी शेतात जाईल, जंगलं वाचतील, बायकांची लाकूडफाट्याची पायपीट थांबेल, अशी स्वप्नं लोक बघू लागले. स्वप्नं खोटी नव्हती. शास्त्रही खोटं नव्हतं. पण चूल खपली नाही.

का खपली नाही? तुमच्या घरातल्या कोणाही बाईला हे यंत्र दाखवा; ती पाच मिनिटांत कारणं सांगेल. पहिलं कारण, सूर्य फिरतो, म्हणून तबकडीही दर थोड्या वेळाने फिरवत राहावी लागते. म्हणजे जे ऊन टाळायला माणसं झाडाखाली जातात, त्याच उन्हात हिने उभं राहायचं. दुसरं, तबकडीच्या लखलखाटाने डोळे दिपतात. तिसरं, आपल्याकडे स्वयंपाक होतो तो कोंबडं आरवल्यावर आणि दिवेलागणीला; शेतावर जाणाऱ्याची न्याहारी सूर्य उगवायच्या आत बांधून व्हावी लागते आणि रात्रीचं जेवण तो मावळल्यावर. तेव्हा ही चूल झोपलेली! चौथं, फोडणी उघड्यावर कशी द्यायची आणि भाकरी कशी थापायची? आणि पाचवं, किंमत. शेतमजुराच्या कित्येक आठवड्यांच्या मजुरीइतके पैसे, तेही सरपण रानातून विनामूल्य मिळत असताना, कोण मोजणार?

ही पाच कारणं शोधायला प्रयोगशाळा लागत नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून कोणी विचारलं असतं, तर आधीच कळली असती.

त्याच सुमाराला दुसरी एक धडपड चालू होती. तिने सूर्याकडे न पाहता चुलीकडेच पाहिलं. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं काम सुरू झालं. महात्मा गांधींचं मार्गदर्शन आणि जे. सी. कुमारप्पांची मेहनत त्यामागे होती. तेलघाणी, हातकागद, मधमाशा अशा उद्योगांबरोबर तिथे चुलीचाही विचार झाला आणि स्वातंत्र्याच्या सुमारास धुराडं असलेली ‘मगन चूल’ पुढे आली. हैदराबादला डॉ. एस. पी. राजू या इंजिनिअरनेही मातीचीच, पण शास्त्रशुद्ध चूल बांधली आणि १९५३ साली लक्षावधी घरांच्या धूरविरहित स्वयंपाकघरासाठी एक पुस्तिका लिहिली. एका बाजूने जाळ घालायचा, धग आतल्या बोळातून एकामागून एक भांड्यांखालून जायची आणि उरलेला धूर धुराड्यातून छपराबाहेर.

इथे थोडं शास्त्र समजून घेऊ. गुरुजींना ते वर्गात सांगता येईल. लाकूड तापलं की त्यातून वायू बाहेर पडतात. त्यांना पुरेशी हवा आणि पुरेशी धग मिळाली, तर ते ज्वाला होऊन जळतात. नाही मिळाली, तर ते तसेच वर जातात आणि आपण त्याला धूर म्हणतो. म्हणजे धूर हे न जळलेलं सरपणच होय. डोक्यावरून मोळी आणायची आणि तिचा एक भाग डोळ्यांत घालून फुकट दवडायचा, असा हा व्यवहार आहे. तीन दगडांच्या चुलीत लाकडातल्या उष्णतेच्या शंभर भागांपैकी जेमतेम दहा-पंधरा भाग भांड्याला लागतात. बाकीचे वाऱ्यावर. गरम हवा हलकी होऊन वर चढते, म्हणून उंच धुराडं धूर ओढून घेतं. पण ओढ फार झाली, तर धुराबरोबर धगही निघून जाते आणि सरपण उलट जास्त लागतं. म्हणून धुराड्याच्या वाटेवर कमीजास्त करता येईल अशी झडप हवी, हे डॉ. राजूंनी ओळखलं होतं.

आणि एक गंमत पाहा. एका जाळावर दोन भांडी चढवायची ही युक्ती आपल्या बायकांना कोणी शिकवावी लागली नव्हती. चुलीशेजारी वैल असते ती कशाला? चुलीवर कालवण, वैलीवर पाणी किंवा डाळ. ज्या कुण्या बाईने पहिल्यांदा चुलीला वैल जोडली, तिचं नाव कुठल्या पुस्तकात नाही. पण तीही संशोधकच म्हणायची.

मग धुराड्याची चूल तरी सर्वत्र का गेली नाही? इथेही उत्तर भाकरीपाशीच सापडतं. आपली ज्वारी-बाजरीची भाकरी अर्धी तव्यावर होते आणि अर्धी चुलीच्या तोंडाशी, निखारे पुढे ओढून, त्यांच्यासमोर उभी करून शेकली जाते. तिथेच ती फुगते. चुलीचं तोंड अरुंद झालं, की निखारे ओढायला जागा राहत नाही. पुन्हा अरुंद तोंडात घालायला लाकूड बारीक फोडावं लागतं. पऱ्हाटी आणि तुरकाट्या तर लांबच्या लांब सरकवायची सवय. धुराड्यात काजळी धरते, ती काढली नाही की धूर उलटा घरात येतो. गवताच्या छपरातून धुराडं काढायचं म्हणजे पावसाची गळती आणि आगीची भीती. आणि धुराचेही काही उपयोग होतेच. तो छपरातली कीड मारायचा, माळ्यावरच्या बियाण्याला भुंगा लागू द्यायचा नाही. हे सगळं हिशेबात धरायला हवं होतं.

दरम्यान धुराचं खरं रूप मोजून बाहेर आलं. कर्क स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने भारतीय सहकाऱ्यांबरोबर गुजरातेतल्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावरच हवा मोजायची उपकरणं बसवली आणि १९८३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. शहरातल्या कारखान्यांच्या धुराची चिंता करणारं जग पहिल्यांदा खेड्यातल्या स्वयंपाकघरात डोकावलं आणि चपापलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे एकट्या २०२० साली घरातल्या अशा धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसं मेली. त्यांत पाच वर्षांखालची लहान मुलं दोन लाखांहून अधिक. कारण आई चुलीपुढे असली, की तान्हं मूल तिच्या मांडीवर असतं.

१९८३ च्या अखेरीला सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २००२ साली तो आटोपला, तोवर तीन कोटींहून अधिक चुली बसवल्याची नोंद झाली होती. पण वहीतला आकडा निराळा आणि घरातली पेटती चूल निराळी. किती चुली बसल्या हे मोजलं गेलं. वर्षभराने किती पेटत होत्या, याची विचारपूस फार थोडी झाली. हाताने बांधलेल्या चुलीचं तोंड चार बोटं इकडे-तिकडे झालं, तरी तिचं गणित बिघडतं. आपल्याकडे पुण्याच्या ‘आरती’ या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या संस्थेने यावर इलाज काढला. तिने ‘लक्ष्मी’, ‘भाग्यलक्ष्मी’ अशा चुली साच्यातून पाडायला गावातल्याच कुंभारांना आणि बायकांना शिकवलं, म्हणजे प्रत्येक चूल सारखीच उतरेल आणि बिघडली तर बांधणारी शेजारच्याच गावात सापडेल.

पुढे गॅस आला. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशात बलियाला सुरू झाली आणि तिची आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला दिली गेली. फार मोठं काम झालं, यात शंका नाही. पण इथेही विचारायचा प्रश्न तोच आहे. टाकी घरात आली, पण ती संपल्यावर दुसरी भरून आणायला पैसे कोणाच्या हातात असतात? चहा गॅसवर आणि भाकरी-अंघोळीचं पाणी चुलीवर, अशी वाटणी कित्येक घरांत दिसते. जी साधनं आपण ‘दिली’ असं म्हणतो, ती ‘वापरली’ जाईपर्यंत काम अर्धंच राहतं.

आणि आता सूर्यचुलीचं पुढे काय झालं, तेही सांगतो. कारण ती गोष्ट हरण्याची नाही. शिर्डीला साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयावर २००९ साली ७३ मोठ्या सौर तबकड्या बसवण्यात आल्या. तत्त्व ॲडम्ससाहेबांचंच, ऊन एकवटण्याचं. मग फरक कुठे पडला? तबकड्या छपरावर गेल्या, त्या सूर्यामागे आपोआप फिरतात आणि उन्हाने पाण्याची वाफ होऊन ती नळाने खाली स्वयंपाकघरात येते. आचारी आपल्या सावलीतल्या जागेवरच उभा राहतो. दिल्लीच्या चुलीने स्वयंपाक करणाऱ्याला उन्हात नेलं होतं. इथे ऊनच स्वयंपाकघरात आणलं. ढगाळ दिवसासाठी नेहमीचं इंधन जोडीला ठेवलं. एवढा बदल व्हायला १८७८ पासून १३१ वर्षं लागली! अर्थात अशी मांडणी हजारोंच्या पंगतीला परवडते. एका घरापुरता तसा सोपा आणि स्वस्त तोडगा निघणं अजून बाकी आहे.

आज बाजारात रोज नवं यंत्र येतं. विजेची शेगडी येते, खिशातला फोन येतो, शेतावरचा पंप लांबून चालू करणारी कळ येते. ती येऊ द्यावीत. नव्याला भिऊन आपलं भागायचं नाही. पण यंत्र घेताना, आणि गावासाठी योजना मागताना तर नक्कीच, दोन प्रश्न विचारावेत. हे रोज हाताळणार कोण? आणि त्या माणसाला कोणी विचारलं आहे का?

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. विज्ञानाच्या तासाला मुलांना एक दिवस घरचा अभ्यास द्या. चुलीपुढे किंवा शेगडीपुढे जी कोणी उभी राहते, आई, आजी, मोठी बहीण, तिला विचारून यायचं : सरपण किंवा गॅस आणण्यात किती वेळ आणि पैसा जातो? स्वयंपाक करताना त्रास कशाचा होतो? आणि तुझ्या हातात असतं, तर यात तू काय बदललं असतंस? उत्तरं फळ्यावर लिहा. मुलांना उष्णतेचा धडा तर समजेलच. पण ज्या बाईला आजवर ‘झालं का जेवण?’ याखेरीज कोणी काही विचारलं नाही, तिच्याकडेही सांगण्यासारखं पुष्कळ आहे, हे त्यांना लहानपणीच कळेल. उद्या त्यांतलंच कोणी नवी चूल काढायला बसेल, तेव्हा ते आधी उंबऱ्याशी बसून विचारील.