ॲशमची लहान वही : रोजनिशी, आजार आणि वाचन

'रोजनिशी' हा शब्द मराठीत मनाच्या व्यवहारातून आलेला नाही, तो दफ्तरातून आलेला आहे. पेशव्यांच्या रोजनिशीत नेमणुका, इनामे, वसुली यांची नोंद होते. नोंद करणाऱ्याचे अंतरंग तेथे अपेक्षितच नसते. आज मानसिक स्वास्थ्यासाठी रोजनिशी लिहावी असे सुचविले जाते तेव्हा मात्र अंतरंगाचे प्रकटीकरण हेच तिचे कार्य गृहीत धरलेले असते. या गृहीताला शास्त्रीय प्रतिष्ठा मिळवून देण्यात जेम्स पेनेबेकर व सँड्रा बील यांच्या १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाचा वाटा मोठा आहे. सेहेचाळीस विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटे लिहिले. आयुष्यातील आघाताविषयी घटना व भावना अशा दोन्ही अंगांनी लिहिणाऱ्यांना लगेच अधिक उदास वाटले. परंतु पुढील काही महिन्यांत आरोग्यकेंद्राकडे त्यांचे जाणे इतरांपेक्षा कमी झाले. तुलनेसाठी घेतलेल्या गटाला क्षुल्लक विषयांवर लिहावयास सांगितले होते. प्रस्तुत विवेचनाचा विषय हा दुसऱ्या प्रकारचा, 'क्षुल्लक' मजकूर आहे.

प्रथम एक विस्मृत पूर्वेतिहास ध्यानात घ्यावयास हवा. लेखन हे औषध ठरण्यापूर्वी ते कुपथ्य होते. सायलस वेअर मिचेल या अमेरिकन वैद्याच्या विश्रांती-उपचारात अंथरूण, दूध आणि बौद्धिक श्रमांचा निषेध यांना प्राधान्य होते. १८८७ साली शार्लट पर्किन्स गिलमनने तो अनुभवला आणि १८९२ मध्ये 'द यलो वॉलपेपर' ही कथा प्रसिद्ध केली. ही कथा एका रुग्ण स्त्रीने चोरून लिहिलेल्या रोजनिशीच्या रूपात आहे, हे केवळ तंत्र नव्हे. जे निषिद्ध होते तेच तिने आपल्या कथेचे रूप केले.

व्हर्जिनिया वुल्फच्या वाट्याला याच उपचारपद्धतीची इंग्लिश आवृत्ती आली. १ जानेवारी १९१५ रोजी तिने रोजनिशी सुरू केली. १५ फेब्रुवारीला ती थांबली आणि त्यानंतर तिच्या आजाराने उग्र रूप धारण केले. पुढची सुमारे अडीच वर्षे तिच्या हातची रोजनिशी नाही. या घरात दुसरी एक रोजनिशी मात्र होती. लेनर्ड वुल्फ १९०४ ते १९११ सिलोनमध्ये सनदी अधिकारी होता. तेथे हंबनटोटाला असताना कार्यालयीन रोजनिशी लिहिणे हा त्याच्या कामाचाच भाग होता. १९१३ च्या आजारपणात त्याने पत्नीच्या प्रकृतीच्या नोंदी ठेवल्या, आणि त्यांसाठी सिंहली व तमिळ अक्षरांची सांकेतिक लिपी वापरली. जिची नोंद व्हावयाची तिला ती वाचता येऊ नये, अशी ही व्यवस्था. लेनर्डच्या काळजीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण दफ्तराची रोजनिशी माजघरात येते तेव्हा लेखणी कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न उरतोच. आपल्याला अंथरुणात दिवसाला अर्धा तासच लिहू देत असत, असे व्हर्जिनियाने १९३० साली एथेल स्मिथला पत्रातून कळविले आहे.

३ ऑगस्ट १९१७ रोजी ससेक्समधील ॲशम येथील घरी तिने एक लहान वही उघडली. या वहीत आजार नाही, भीती नाही, पुस्तकांविषयीही फारसे काही नाही. हवा कशी होती, कुरणात अळंबी किती मिळाली, ब्लॅकबेरी पिकल्या का, कोणती फुलपाखरे व सुरवंट दिसले, अंड्यांचा भाव काय, शेतावर जर्मन युद्धकैदी काम करीत होते का, एवढेच. वाक्ये तुटक, 'मी' हा कर्ता पुष्कळदा गाळलेला. (मराठीत हे सहज घडते, इंग्रजीत ते लक्षात येण्याजोगे असते.) प्रकटीकरणाच्या निकषावर ही वही अनुत्तीर्ण ठरेल. तिने वुल्फला बरे केले असा दावाही करता येणार नाही. परंतु मनाकडे पाठ फिरवून बाहेरच्या वस्तू मोजणे हे बऱ्या होऊ पाहणाऱ्या मनाचेच एक काम असू शकते, ही शक्यता तिच्यामुळे नाकारता येत नाही. ८ ऑक्टोबर १९१७ रोजी लंडनमध्ये जी विस्तृत रोजनिशी सुरू झाली, तिची लेखणी या अळंब्यांवर चालती झालेली आहे.

संपादकांनी या वहीला दीर्घकाळ दुय्यम मानले. लेनर्डने १९५३ साली काढलेली निवड १९१८ पासून सुरू होते आणि लेखनविषयक नोंदींनाच प्राधान्य देते. १९७७ मध्ये आरंभ झालेल्या पाच खंडांच्या आवृत्तीतही ही वही संपूर्ण आली नाही. नोंदींचे महत्त्व त्यांतील 'अंतर्मना'च्या प्रमाणावर ठरविण्याची ही सवय आपल्याकडील आत्मचरित्र-समीक्षेतही मुरलेली आहे.

पदव्युत्तर वर्गात वुल्फची रोजनिशी शिकविताना विद्यार्थी ती बहुधा शेवटाकडून वाचतात, असा माझा अनुभव आहे. २८ मार्च १९४१ चा मृत्यू आधीच ठाऊक असल्याने प्रत्येक नोंद लक्षण बनते. २४ मार्चची अखेरची नोंद लेनर्ड बागेत ऱ्होडोडेंड्रॉनच्या झाडांचे काम करीत असल्याच्या उल्लेखाशी थांबते, आणि वर्गात या वाक्यावर भयसूचक मौनाचा आरोप हमखास होतो. ॲशमच्या वहीत अशा जातीचे वाक्य जवळजवळ रोज येते.