सीपॅप, व्हेंटिलेटर, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर: मशिनच्या आतले भाग सुरक्षित आहेत हे कसं ठरतं?

श्वासाचं मशिन घेताना आपण मास्क नीट बसतो का, आवाज किती येतो आणि किंमत किती, एवढंच पाहतो. पण रुग्णाच्या फुप्फुसात जाणारी हवा आधी मशिनच्या पोटातून येते. तिथे मोटर, फिल्टर, नळ्या, सेन्सर आणि काही मशिनमध्ये आवाज कमी करणारा फोम असतो. यातलं काही बिघडलं तर ते बाहेरून दिसत नाही.

कोविडनंतर नांदेड, लातूरसारख्या शहरांतही अशी मशिन घराघरात आली. काही नवी, काही भाड्याची, काही ओळखीतून मिळालेली. म्हणून हा विषय समजून घेऊ.

फोममुळे काय झालं होतं?

१४ जून २०२१ रोजी फिलिप्स कंपनीने सीपॅप, बायपॅप आणि काही व्हेंटिलेटर परत मागवायला सुरुवात केली. कारण होतं आवाज कमी करण्यासाठी बसवलेला पॉलियुरेथेन फोम. हा फोम झिजून त्याचे कण आणि वायू थेट रुग्णाच्या श्वासात जाऊ शकत होते. जगभरातल्या लाखो मशिनचा यात समावेश होता.

जास्त उष्णता आणि दमटपणा यामुळे फोम लवकर खराब होऊ शकतो, असं तेव्हा सांगण्यात आलं. ओझोनने मशिन साफ करणंही धोक्याचं ठरू शकतं, असा इशारा दिला गेला. पुढच्या चाचण्यांत आरोग्याला मोठा धोका दिसला नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने मात्र त्या चाचण्या पुरेशा मानल्या नाहीत.

मराठवाड्यात काय घडलं?

इथला प्रश्न फोमचा नव्हता, पण मुद्दा तोच होता: मशिन वापरण्याआधी नीट तपासलं गेलं होतं का? कोविडच्या दुसऱ्या लाटेत औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला १५० व्हेंटिलेटर मिळाले. त्यातले काही खासगी रुग्णालयांना आणि शेजारच्या जिल्ह्यांनाही दिले गेले. मे २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठासमोर आलेल्या माहितीनुसार, वापरात आणलेले ११३ व्हेंटिलेटर सदोष आढळले होते. उरलेले ३७ खोक्यांतून बाहेरच काढले नव्हते.

मशिन नीट हाताळली गेली नाहीत, अशी बाजू केंद्राने मांडली. दोष एकमेकांवर ढकलण्याच्या या प्रकारावर खंडपीठाने नाराजी व्यक्त केली.

आतल्या भागांसाठी मानक कोणतं?

आयएसओ १८५६२ हे त्यासाठीचं आंतरराष्ट्रीय मानक. ते २०१७ मध्ये आलं आणि २०२४ मध्ये सुधारलं गेलं. हवा ज्या मार्गाने रुग्णापर्यंत जाते त्या मार्गातल्या साहित्याबद्दल ते तीन गोष्टी तपासायला सांगतं:

- हवेत बारीक कण मिसळतात का?
- प्लास्टिक, फोम किंवा गोंदातून अपायकारक वायू निघतात का?
- नळीत साचणाऱ्या पाण्यात रसायनं उतरून ती रुग्णापर्यंत जाऊ शकतात का?

मशिन प्रत्यक्ष कसं चालतं, यासाठी वेगळी मानकं आहेत. उदाहरणार्थ, कॉन्सन्ट्रेटरमधले झिओलाइटचे खडे हवेतला नायट्रोजन शोषून घेतात. ते ओलाव्याने निकामी झाले तर मशिन सुरू राहतं, पण ऑक्सिजन कमी देतं. म्हणून ऑक्सिजनचं प्रमाण ८२ टक्क्यांखाली गेलं की मशिनने इशारा द्यायला हवा.

भारतातला नियम काय आहे?

वैद्यकीय उपकरण नियम २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत. उपकरण आधी भारतीय मानक ब्युरोच्या मानकात बसलं पाहिजे. तसं मानक नसेल तर आयएसओ किंवा आयईसीचं, आणि तेही नसेल तर कंपनीचं स्वतःचं प्रमाणित मानक चालतं. १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं कायद्याने 'औषध' मानली जातात. धोक्यानुसार त्यांचे अ, ब, क, ड असे चार वर्ग आहेत. अ आणि ब वर्गासाठी ऑक्टोबर २०२२ पासून, तर क आणि ड वर्गासाठी ऑक्टोबर २०२३ पासून परवान्याची व्यवस्था लागू झाली. विक्रेत्यालाही नोंदणी किंवा परवाना लागतो.

घरी मशिन असेल तर काय पाहाल?

- लेबलवर उत्पादन किंवा आयात परवाना क्रमांक, सिरियल क्रमांक आणि उत्पादनाचा महिना-वर्ष आहे का ते बघा. जुनं मशिन घेताना सिरियल क्रमांक कंपनीला कळवून ते परत मागवलेलं आहे का, हे विचारा.
- आपल्याकडे धूळ जास्त आणि उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. मशिन उन्हात, चुलीजवळ किंवा भिंतीला चिकटवून ठेवू नका. फिल्टर कंपनीने सांगितलेल्या वेळेत बदला.
- नळीत किंवा मास्कमध्ये काळे कण दिसले, उग्र वास आला किंवा मशिन वापरल्यावर खोकला, डोकेदुखी होऊ लागली, तर डॉक्टरांना लगेच सांगा. मशिन परस्पर बंद करू नका. काही रुग्णांना त्याचाच धोका जास्त असतो.
- कॉन्सन्ट्रेटर लावूनही ऑक्सिमीटरवरचा आकडा वाढत नसेल तर मशिन 'चालू आहे' यावर विसंबू नका. रुग्णाला दवाखान्यात न्या आणि मशिनमधून किती टक्के ऑक्सिजन येतो ते तपासून घ्या.

तक्रार कुठे करायची?

वैद्यकीय उपकरणांमुळे होणाऱ्या त्रासाची नोंद ठेवण्यासाठी २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम सुरू आहे. त्याचं काम गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगातून चालतं. रुग्ण किंवा नातेवाईकही १८००-१८०-३०२४ या टोल-फ्री क्रमांकावर माहिती देऊ शकतात. विक्रेत्याबद्दलची तक्रार जिल्ह्यातल्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात करता येते. तक्रारीसाठी बिल आणि लेबलचा फोटो जपून ठेवा.