वैद्यकीय प्रयोगशाळा-सेवा : अर्हता व वेतन

रुग्णाचे रक्त, मूत्र, थुंकी, ऊतक इ. नमुने तपासून रोगनिदानास आधार पुरविणाऱ्या सेवेस वैद्यकीय प्रयोगशाळा-सेवा म्हणतात. या सेवेत मुख्यत्वे तीन स्तरांवरील व्यक्ती काम करतात. पहिली, वैद्यकाची पदवी घेऊन विकृतिविज्ञानात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला विकृतिवैज्ञानिक. व्यवहारात त्याला पॅथॉलॉजिस्ट म्हणतात. दुसरी, जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र यांसारख्या विषयांत उच्च शिक्षण घेतलेला, पण वैद्यक नसलेला शास्त्रज्ञ. तिसरी, पदवी वा पदविका घेतलेला प्रयोगशाळा-तंत्रज्ञ व त्याचा मदतनीस. नमुना घेण्यापासून अहवाल हाती पडेपर्यंतची बहुतेक कामे तिसऱ्या स्तरावर होतात, तर अहवालाची जबाबदारी सामान्यतः पहिल्या स्तराकडे असते. या सेवेतील अर्हता व वेतन यांचा इतिहास हा बव्हंशी काम आणि जबाबदारी यांच्या या विभागणीचा इतिहास आहे.

उगम : एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रयोगशाळेतील तपासणी हा वैद्यकाच्याच कामाचा भाग होता. रूडोल्फ फिरखो यांचा पेशीय विकृतिविज्ञानावरील ग्रंथ १८५८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ऊतकांच्या सूक्ष्मदर्शकीय परीक्षणास शास्त्रीय पाया मिळाला. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू शोधून काढल्यावर थुंकीची तपासणी निदानाचे साधन बनली. रक्तगटांचा शोध (१९०१), उपदंशासाठी वासरमान परीक्षा (१९०६) आणि इन्शुलिनच्या वापराबरोबर (१९२२) आवश्यक ठरलेले रक्तशर्करेचे मापन यांमुळे तपासण्यांची संख्या झपाट्याने वाढली. हे सर्व काम एकट्या वैद्यकाच्या हातून होणे अशक्य झाले. काचपट्ट्या रंगविणे, जंतूंसाठी संवर्धनद्रव्ये तयार करणे, उपकरणे निर्जंतुक करणे ही कामे मदतनिसांकडे गेली. हे मदतनीस बहुधा शाळा सोडून आलेले किशोरवयीन मुलगे असत. काम करता करता ते शिकत. त्यांच्यासाठी परीक्षा नव्हती, प्रमाणपत्र नव्हते आणि ठरलेली वेतनश्रेणीही नव्हती.

मदतनिसाच्या प्रशिक्षणाला किती महत्त्व आहे, हे भारतातील एका दुर्घटनेने दाखवून दिले. वॉल्डेमार हाफकिन यांनी १८९६ मध्ये मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात प्लेगच्या लसीवर काम सुरू केले. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळ येथील जुन्या राजभवनात आली. १९२५ पासून ती हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाते. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मल्कोवाल (आता पाकिस्तानात) येथे लस टोचलेल्या १०७ व्यक्तींपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. मृत्यू पावलेल्या सर्वांना एकाच बाटलीतील लस दिली होती. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पद सोडावे लागले. पुढे असे दिसून आले की, बाटली उघडण्याच्या वेळी मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो पुरेसा निर्जंतुक न करताच बुचासाठी वापरला गेला होता. रोनल्ड रॉस व इतर शास्त्रज्ञांनी हाफकिन यांची बाजू जाहीरपणे मांडली आणि १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले. प्रमुखाची विद्वत्ता कितीही मोठी असली, तरी शेवटच्या हाताचे शिक्षण अपुरे असल्यास सर्व यंत्रणा निष्फळ ठरू शकते, हा या घटनेचा बोध होय.

ब्रिटन : मदतनिसांच्या व्यवसायाला संघटित रूप प्रथम ब्रिटनमध्ये लाभले. आल्बर्ट नॉर्मन यांच्या पुढाकाराने १९१२ मध्ये विकृतिविज्ञान व सूक्ष्मजंतुशास्त्र यांच्या प्रयोगशाळांतील मदतनिसांचा संघ स्थापन झाला. संघाने परीक्षा व प्रमाणपत्र यांचा आग्रह धरला; कारण अर्हता सिद्ध झाल्याखेरीज वेतनाची मागणी टिकणार नव्हती. १९४२ मध्ये या संघाचे रूपांतर वैद्यकीय प्रयोगशाळा-तंत्रविद्या संस्थेत झाले. राष्ट्रीय आरोग्य सेवा १९४८ मध्ये सुरू झाल्यावर देशातील बहुतेक रुग्णालये एकाच नियोक्त्याखाली आली आणि ‘व्हिटली मंडळे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संयुक्त समित्यांमार्फत वेतन ठरू लागले. १९६० च्या कायद्याने वैद्यकास पूरक असलेल्या व्यवसायांची नोंदणी सुरू केली. तीत प्रयोगशाळा-तंत्रज्ञांचा समावेश होता. वैद्यकांच्या बाजूने विकृतिवैज्ञानिकांचे महाविद्यालय १९६२ मध्ये स्थापन झाले व १९७० मध्ये त्यास ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली.

तंत्रज्ञांच्या संस्थेने १९७५ व १९९४ मध्ये आपले नाव बदलले. मदतनीस, तंत्रज्ञ आणि जैववैद्यकीय शास्त्रज्ञ असा हा नामांतराचा प्रवास होता. पुढे पदवी ही नोंदणीची किमान पायरी ठरली आणि ‘बायोमेडिकल सायंटिस्ट’ या पदनामास कायद्याचे संरक्षण मिळाले. २००४ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेने प्रत्येक पदाचे मूल्यमापन करून नवी वेतनरचना अंमलात आणली. तीत नव्याने नोंदणी झालेल्या जैववैद्यकीय शास्त्रज्ञास पाचवा वेतनपट्टा मिळाला. नवी परिचारिकाही त्याच पट्ट्यात येते. वैद्यक असलेले विकृतिवैज्ञानिक मात्र या रचनेबाहेर, वैद्यकांच्या स्वतंत्र करारानुसार वेतन घेतात.

अमेरिका : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पुढाकार विकृतिवैज्ञानिकांनी घेतला. त्यांची संस्था १९२२ मध्ये स्थापन झाली आणि तिने १९२८ मध्ये तंत्रज्ञांसाठी नोंदणी मंडळ निर्माण केले. नोंदणी घेणाऱ्याने वैद्यकाच्या देखरेखीखालीच काम करावे व स्वतः निदान सांगू नये, असे बंधन त्यात होते. अशा रीतीने प्रमाणपत्राबरोबर तंत्रज्ञाच्या अधिकाराची मर्यादाही निश्चित झाली. विकृतिवैज्ञानिकांच्या विशेष अर्हतेसाठी १९३६ मध्ये निराळे मंडळ अस्तित्वात आले.

वेतनपद्धतीचा तपासणीच्या गुणवत्तेवर होणारा परिणाम या देशात स्पष्टपणे समोर आला. जॉर्ज पापानिकोलाऊ व हर्बर्ट ट्राउट यांच्या १९४३ मधील ग्रंथानंतर गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी पेशी-परीक्षा रूढ झाली. प्रत्येक काचपट्टीवरील असंख्य पेशी डोळ्यांखालून घालाव्या लागत आणि हे काम पेशी-तंत्रज्ञ करीत. काही व्यापारी प्रयोगशाळा त्यांना काचपट्टीमागे मोबदला देत. जितक्या अधिक पट्ट्या पाहाव्यात तितकी मिळकत अधिक, अशा या पद्धतीत घाई अटळ होती. वॉल स्ट्रीट जर्नल या दैनिकातील वॉल्ट बोगडानिच यांच्या लेखांनी १९८७ मध्ये या व्यवहारातील चुका व त्यांतून झालेली जीवितहानी लोकांपुढे मांडली. या लेखनास १९८८ चे पुलिट्झर पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी काँग्रेसने प्रयोगशाळांविषयीचा १९६७ चा कायदा अधिक कडक केला. एका पेशी-तंत्रज्ञाने २४ तासांत जास्तीत जास्त १०० पट्ट्या पाहाव्यात, तसेच निर्दोष ठरविलेल्यांपैकी किमान १० टक्के नमुने पुन्हा तपासावेत, असे नियम त्यानंतर झाले. तपासणीच्या जटिलतेनुसार कर्मचाऱ्यांची किमान अर्हताही ठरविण्यात आली. तथापि तंत्रज्ञांना परवाना सक्तीचा करणारी राज्ये मोजकीच आहेत.

भारत : भारतात विकृतिवैज्ञानिक होण्यासाठी एम.बी.बी.एस. नंतर तीन वर्षांची एम.डी. ही पदवी घ्यावी लागते. डी.सी.पी. ही दोन वर्षांची पदविकाही दीर्घकाळ प्रचलित होती. तंत्रज्ञांसाठी डी.एम.एल.टी. ही पदविका महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे, पुढे बी.एस्‌सी. व एम.एस्‌सी. स्तरावरील प्रयोगशाळा-तंत्रविद्येचे अभ्यासक्रमही निघाले. मात्र पदविकेचे नाव एक असले, तरी प्रवेशाची अट एकच नव्हती. कोठे बारावी विज्ञान उत्तीर्ण विद्यार्थ्यास, तर कोठे विज्ञान पदवीधरास ती घेता येई. दीर्घकाळ देशपातळीवर तंत्रज्ञांसाठी वैद्यक परिषदेसारखी वैधानिक संस्था नव्हती. त्यामुळे अभ्यासक्रमांचा कालावधी व दर्जा यांत मोठी तफावत राहिली.

याच काळात लहान शहरांत अनेक तंत्रज्ञांनी स्वतःच्या प्रयोगशाळा काढल्या. विकृतिवैज्ञानिक उपलब्ध नसलेल्या तालुक्यांत रक्त-लघवीच्या तपासणीची सोय त्यांच्यामुळे झाली, ही वस्तुस्थिती आहे. उलटपक्षी, अन्वयार्थ लावण्याचे शिक्षण नसलेल्या व्यक्तीने अहवाल दिल्यास रुग्णास धोका संभवतो, असे विकृतिवैज्ञानिकांचे म्हणणे होते. गुजरातमध्ये हा वाद न्यायालयात गेला. उच्च न्यायालयाच्या २०१० मधील निर्णयानंतर १२ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, विकृतिविज्ञानात पदव्युत्तर अर्हता असलेल्या नोंदणीकृत वैद्यकानेच अहवालावर प्रतिस्वाक्षरी करावी, ही भारतीय आयुर्विज्ञान परिषदेची भूमिका मान्य केली. २०१८ मध्ये केंद्र शासनाने २०१० च्या वैद्यकीय आस्थापना अधिनियमाखाली निदान-प्रयोगशाळांची किमान मानके ठरविली व २०२० मध्ये त्यांत दुरुस्ती केली. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने तो अधिनियम स्वीकारणाऱ्या राज्यांतच ही मानके लागू होतात.

तंत्रज्ञांच्या अर्हतेचा प्रश्न २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियमाने हाती घेतला. संलग्न आरोग्य व्यावसायिकासाठी दोन ते चार वर्षांत किमान २,००० तासांचे, तर आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी तीन ते सहा वर्षांत किमान ३,६०० तासांचे शिक्षण त्याने आवश्यक ठरविले. अभ्यासक्रमाचे मोजमाप तासांत झाल्याने केवळ नावसाधर्म्यावर दोन पदविका समान मानण्यास आळा बसतो.

वेतन : शासकीय सेवेत वेतन अर्हतेशी थेट जोडलेले आहे. सातव्या केंद्रीय वेतन आयोगाच्या श्रेणी १ जानेवारी २०१६ पासून लागू झाल्या. रेल्वेच्या २०१९ मधील परावैद्यक भरतीत बारावी विज्ञानानंतर डी.एम.एल.टी. घेतलेल्या प्रयोगशाळा-सहायकासाठी तिसरा स्तर, म्हणजे दरमहा रु. २१,७०० मूळ वेतन होते. विज्ञान पदवी व त्यावर डी.एम.एल.टी. असलेल्या प्रयोगशाळा-अधीक्षकासाठी सहावा स्तर, म्हणजे रु. ३५,४०० मूळ वेतन होते. केंद्रीय आरोग्य सेवेत विशेषज्ञ म्हणून दाखल होणाऱ्या वैद्यकाचा प्रारंभ अकराव्या स्तरापासून, म्हणजे रु. ६७,७०० पासून होतो व त्याला व्यवसायरोध भत्ताही मिळतो. सहायक व विशेषज्ञ यांच्या मूळ वेतनात अशा प्रकारे तिपटीहून अधिक अंतर पडते.

हे आकडे नियमित पदांचे होत. शासकीय आरोग्य-कार्यक्रमांत बरेच तंत्रज्ञ कंत्राटी पद्धतीने, एकत्रित मानधनावर काम करतात. त्यांना हे स्तर लागू होत नाहीत. खाजगी प्रयोगशाळांत वेतन मालक व कर्मचारी यांच्यात ठरते. तेथे मोठ्या शहरातील अनुभवी विकृतिवैज्ञानिक आणि तालुक्यातील पदविकाधारक यांच्या उत्पन्नातील अंतर शासकीय सेवेपेक्षाही मोठे असू शकते.

मूल्यमापन : क्षयरोग कार्यक्रमातील थुंकी-तपासणीचे उदाहरण या संदर्भात उद्‌बोधक आहे. रंगविलेल्या काचपट्टीत जंतू नाहीत, असे लिहिण्यापूर्वी तंत्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली किमान १०० दृश्यक्षेत्रे पाहावीत, असा दंडक आहे. दहा क्षेत्रे पाहून ‘नाही’ लिहिले तरी कागदावर अहवाल सारखाच दिसतो. परंतु जंतू सुटला तर रुग्ण उपचारावाचून राहतो व घरातील इतरांना संसर्ग होतो. असे काम केवळ देखरेखीने शुद्ध राहत नाही. त्यासाठी पुरेसे शिक्षण, पुरेसा वेळ आणि तो वेळ देणे परवडेल असे वेतन या तिन्ही गोष्टी लागतात. नोंदणीच्या कायद्यांनी पहिल्या गोष्टीची, पट्ट्यांच्या मर्यादेसारख्या नियमांनी दुसरीची तजवीज केली आहे. तिसरी गोष्ट शासकीय सेवेतील नियमित पदांपुरती साधली असून कंत्राटी व खाजगी क्षेत्रांत ती अद्याप नियोक्त्याच्या इच्छेवर अवलंबून आहे.