एक खाली, एक वर

भाऊबीजेला बहिणीला किती ओवाळणी घालावी, ह्याचा आकडा शास्त्रात दिलेला नाही. आमच्याकडे तो सौ. ठरवते. गेल्या दिवाळीत तिने १,१०० ठरवला. बहीण नागपूरला, मी ठाण्याला. तेव्हा ओवाळणी मोबाइलवरून धाडायची. सणाच्या गडबडीत राहून जायला नको म्हणून धनत्रयोदशीच्या संध्याकाळीच, बँकेतून आल्या आल्या मी अकराशेचा आकडा टाकला. पिन मात्र डोळे फाडून टाकला. माणसाला पिनची भीती असते, रकमेची नसते. पाच मिनिटांत बहिणीचा फोन.

"दादा, बढती मिळाली का रे?"

गेले होते ७,७००. दिलेली ओवाळणी परत मागणारा भाऊ महाराष्ट्रात अजून जन्मायचा आहे. मागावीशी वाटणारे पुष्कळ असतील.

आता वीस वर्षे बँकेत आकडे बडवणाऱ्या माणसाने एकाच्या जागी सात मारावा, तोही दोनदा? रात्री अंथरुणात मोबाइल काढून बसलो. फोन लावायचे आकडे पाहिले, तर १-२-३ वरच्या ओळीत. त्याच मोबाइलमधला कॅल्क्युलेटर उघडला, तर तिथे ७-८-९ वर आणि १-२-३ खाली! ऑफिसातल्या कॉम्प्युटरच्या उजव्या अंगाला जे आकडे असतात, तेही कॅल्क्युलेटरसारखेच. ४-५-६ दोन्हीकडे मध्येच आणि शून्य दोन्हीकडे तळाशीच. माझी शून्ये अचूक होती. चुकले ते फक्त दोन एक.

ह्या भाऊबंदकीचा इतिहास शोधला आणि पहिल्याच पानावर आमचा जातभाई भेटला. विल्यम बरोज हा अमेरिकेतल्या ऑबर्न गावी बँकेत कारकून होता. बेरजा करून करून प्रकृती बिघडली (ह्यात नवल काय?), म्हणून त्याने नोकरी सोडली आणि बेरजेचे यंत्र करायला घेतले. १८८८ साली त्याला पेटंट मिळाले. यंत्र उत्तम होते, फक्त दांडा जोरात ओढला तर एक बेरीज यायची आणि हळू ओढला तर दुसरी. असे कारकून मी पाहिले आहेत, यंत्र प्रथमच ऐकले. चिडून त्याने पहिली पन्नासेक यंत्रे खिडकीतून खाली फेकली असे सांगतात. पुढे त्याने तेल भरलेली नळी बसवून दांड्याला एकसारखी चाल दिली. त्याच सुमारास शिकागोच्या डॉर फेल्टने शेवयांच्या खोक्यात, मांस भाजायच्या काड्या आणि रबरबँड लावून आपल्या यंत्राचा पहिला नमुना केला. आमच्याकडे शेवयांच्या डब्यात इतका वेळ हात घालू दिला नसता.

त्या काळच्या यंत्रांवर एकं, दहं, शतं अशा प्रत्येक घराला नऊ बटणांची उभी रांग असे. १ सर्वांत खाली, हाताजवळ, आणि ९ सर्वांत वर. हिशेबाच्या माणसाला आकडा चढत गेलेला बघायची सवयच असते. मग १९१४ च्या सुमारास सुंडस्ट्रांड बंधूंच्या यंत्राने ह्या सगळ्या रांगा मोडून दहाच बटणे ठेवली, तीन-तीनच्या ओळीत. पण खालून वर चढायची रीत तीच राहिली. कॅल्क्युलेटरने ती उचलली, कॉम्प्युटरने ती उचलली, आणि माझ्या बोटांनीही.

टेलिफोनवाल्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्याकडे होती गोल तबकडी. तिच्या जागी बटणे आणायची ठरल्यावर अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजने चक्क मानसशास्त्रज्ञ बसवले. त्यांचा मुख्य जॉन कार्लिन. हा गृहस्थ मोठा नामी. टेलिफोनची वायर किती लांब असावी हे ठरवायला त्याची माणसे सहकाऱ्यांच्या खोल्यांत गुपचूप शिरत आणि दर तीन दिवसांनी त्यांच्या फोनची वायर इंचभर आखूड करून ठेवीत. फूटभर जाईपर्यंत कोणाच्या लक्षातच आले नाही! तेवढे तांबे कंपनीचे वाचले. ह्याच लोकांनी माणसांना कोरी बटणे दाखवून विचारले, आकडे कुठे असावेत असे तुम्हांला वाटते? बहुतेकांनी वाचतो तसे, वरून खाली लिहिले. मग नाना तऱ्हांची मांडणी करून लोकांना आकडे दाबायला लावले, वेळ मोजला, चुका मोजल्या. १९६० साली निकाल छापला. बेरजेच्या यंत्राची मांडणीही त्या परीक्षेला बसली होती आणि थोडक्यात मागे पडली. फरक किरकोळच होता. टेलिफोनवाल्यांनी लोकांची बोटे मुद्दाम मंद करायला आकडे उलटे केले असे काही जण ठासून सांगतात, ती थाप आहे. १८ नोव्हेंबर १९६३ ला पेनसिल्व्हेनियातल्या कार्नेगी आणि ग्रीन्सबर्ग ह्या गावांत बटणांचे फोन सुरू झाले, १ वर.

म्हणजे दोघेही आपापल्या घरी बरोबर. फक्त दोन्ही घरचे पाहुणे एके दिवशी एकाच खिशात उतरतील, हे कोणाच्या स्वप्नात नव्हते.

एटीएमने टेलिफोनची बाजू घेतली. १९६७ साली लंडनच्या उत्तरेला एन्फील्डमध्ये पैसे देणारे यंत्र बसवणारा शेफर्ड-बॅरन हा जन्माने आपल्या शिलाँगचा. त्याला पिन सहा आकडी हवा होता; बायको म्हणाली, मला चारच लक्षात राहतात. चार ठरले. मला हा मनुष्य ओळखीचा वाटतो.

हे सगळे सौ.ला रंगवून सांगत असताना मला एकदम आमचे निवृत्त हेडकॅशिअर आठवले. मान वर न करता आकडे मारणारा मनुष्य. आदल्या महिन्यात ते माझ्या खिडकीशी आले होते. तीन वेळा पिन चुकून कार्ड बंद पडले होते, आणि तेही दुसऱ्यांदा. हळूच म्हणाले, "अरे, हल्ली माझं डोकं चालत नाही. मुलगा डॉक्टरकडे नेतोय." मीही मान हलवली होती, वयाचा दोष म्हणून.

दुसऱ्या दिवशी त्यांना बोलावून घेतले. नवे कार्ड चालू झालेच होते. आम्ही एटीएमपाशी गेलो. साहेबांनी, बँकेनेच भिंतीवर लावलेल्या सूचनेप्रमाणे, डाव्या हाताने बटणे झाकली आणि उजव्या हाताचे मधले बोट पाचावर टेकवले. पाचावर एक बारीक उंचवटा असतो, न बघता बोट ठेवायला. तो दोन्ही घरच्या पाचांवर असतो. बोटाने कसे ओळखावे आपण कोणाच्या घरी आलो ते?

"साहेब, हात काढा. बघून दाबा."

"कोणी बघेल रे."

"मी पाठ करतो."

मी पाठ केली. मागे चार टिकटिक झाल्या आणि यंत्र नोटा मोजू लागले. मी वळलो तर साहेब नोटा हातात धरून नुसते उभे. आयुष्यात प्रथमच ह्या माणसाने हातात आलेले पैसे मोजले नाहीत.

बहिणीला हा इतिहास फोनवर सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाली, "मग दादा, ह्या वर्षीही ऑफिसातून आल्या आल्याच पाठव हं."